सावलीच्या मांत्रिकाच्या शक्ती गटाला साजेशा कशा कराव्यात?

रानवाट:

नमस्कार.

आमचा चार खेळाडूंचा गट डंजन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकून पात्रे साकारण्याच्या खेळाच्या पाचव्या आवृत्तीचे २०१४ सालचे नियम घेऊन मराठीतून खेळतो आणि डीएमची, म्हणजे खेळ चालवणाऱ्या सूत्रधाराची, जबाबदारी माझ्याकडे आहे. मोहीम घाटमाथ्यावरच्या एका काल्पनिक राज्यात घडते. जकातीची नाकी, भुयारे असलेले जुने वाडे, दरीतली देवराई आणि एकमेकांवर पाळत ठेवणारी सरदार घराणी असा तिचा पसारा आहे. पात्रे नुकतीच पाचव्या पातळीवर पोहोचली आहेत. गटात एक योद्धा, एक चोर, एक क्लेरिक (पुरोहित) आणि एक सावलीचा मांत्रिक आहे. हा शेवटचा क्लास, म्हणजे पात्राचा प्रकार, पुस्तकात नाही. त्या खेळाडूच्या कल्पनेवरून तो आम्ही दोघांनी मिळून लिहिला असून माझा प्रश्न त्याच्याविषयी आहे.

मांत्रिकाच्या मुख्य शक्ती तीन आहेत. पहिली ‘खिळवणे’. मांत्रिक आपली ॲक्शन, म्हणजे पाळीतली मुख्य कृती, वापरून ३० फुटांच्या आतल्या एका शत्रूची सावली जमिनीला खिळवतो. शत्रूचा विझ्डम सेव्ह, म्हणजे परिणाम टाळण्यासाठी टाकलेला फासा, फसला, तर मांत्रिकाची पुढची पाळी येईपर्यंत तो शत्रू पूर्ण जखडतो, म्हणजे नियमांच्या भाषेत पॅरालाइज्ड होतो. किती वेळा वापरायची याला मर्यादा नाही. दुसरी ‘सावलीतून उडी’. बोनस ॲक्शन, म्हणजे पाळीतली जोडकृती, वापरून मांत्रिक एका सावलीतून ६० फुटांच्या आतल्या दुसऱ्या कोणत्याही सावलीत प्रकट होतो. तिसरी ‘सावलीची साक्ष’. दिवसातून एकदा एखाद्या जागेच्या सावलीला एक प्रश्न विचारता येतो आणि ती खरे उत्तर देते.

तिन्ही शक्ती वाचताना सुंदर वाटतात आणि खेळाडू त्या मनापासून वापरतो. परंतु गेल्या काही बैठकांमध्ये दोन गोष्टी सातत्याने दिसू लागल्या आहेत. एक म्हणजे, ज्या लढतीत शत्रू एकटा आणि बलाढ्य असतो, ती लढत काही फेऱ्यांतच निष्प्राण होते, कारण शत्रूला पाळीच मिळत नाही. दुसरी गोष्ट मला अधिक खुपते. चोराचे पात्र खेळणारी मुलगी पूर्वी प्रत्येक वाड्याचा नकाशा मागवून घेत असे, पहारेकऱ्यांच्या वेळा विचारत असे, कुलपे आणि चोरदरवाजे शोधत असे. आता दार समोर आले की सगळे मांत्रिकाकडे पाहतात आणि ती शांत बसून राहते. तिने तक्रार केलेली नाही, पण तिच्या पाळीचे प्रसंग उरलेले नाहीत हे मला स्पष्ट दिसते.

मला तीन बाबतींत मार्गदर्शन हवे आहे. एखादी नवी जादुई शक्ती जास्त झाली की कमी, हे खेळण्याआधी कशावरून ठरवावे? लढतीबाहेरच्या शक्तींना काही मोजमाप असते का? आणि चालू मोहिमेत शक्ती बदलायची झाल्यास त्या खेळाडूचा विरस न करता ते कसे साधावे? शत्रूंना या शक्तींपासून अभय देऊन टाकण्याचा सोपा मार्ग मला घ्यायचा नाही.

वीसबाजू:

आपण प्रश्न नेमका मांडला आहे, त्यामुळे उत्तरही आकड्यांत देता येईल. मी फक्त ‘खिळवणे’ या शक्तीविषयी लिहितो.

नव्या शक्तीची तुलना पुस्तकातल्या सर्वांत जवळच्या शक्तीशी करावी आणि त्या शक्तीला पुस्तकाने कोणकोणत्या किमती लावल्या आहेत ते मोजावे. येथे जवळचा नातेवाईक म्हणजे ‘होल्ड पर्सन’ हा दुसऱ्या पातळीचा स्पेल, म्हणजे मंत्र. त्याचा परिणामही पॅरालाइज्ड हाच आहे. पण त्यासाठी एक स्लॉट, म्हणजे स्पेल टाकण्याची एक मोजकी संधी, खर्चावा लागतो, आणि पाचव्या पातळीच्या विझर्डकडे, म्हणजे पुस्तकातल्या जादूगाराकडे, दुसऱ्या पातळीचे स्लॉट दिवसाला ३च असतात. तो फक्त मानवसदृश प्राण्यांवर चालतो. शत्रूला आपल्या प्रत्येक पाळीच्या अखेरीस सुटकेचा नवा सेव्ह मिळतो. शिवाय त्यावर कॉन्सन्ट्रेशन लागते, म्हणजे त्या काळात कॉन्सन्ट्रेशनचा दुसरा स्पेल चालू ठेवता येत नाही, आणि मार बसला की १० किंवा बसलेल्या माराच्या निम्मे, यांतला जो आकडा मोठा त्याविरुद्ध कॉन्स्टिट्यूशन सेव्ह करावा लागतो. आपल्या शक्तीला यांपैकी एकही किंमत नाही. तिची किंमत एवढीच की मांत्रिकाला प्रत्येक फेरीत आपली ॲक्शन द्यावी लागते आणि शत्रूजवळ, ३० फुटांत, राहावे लागते.

आता संभाव्यता पाहू. पाचव्या पातळीला प्रोफिशियन्सी बोनस, म्हणजे पातळीनुसार वाढणारा प्रावीण्याचा आकडा, ३ असतो. मांत्रिकाचा मुख्य गुण १८, म्हणजे त्याचा बोनस ४, धरला तर डीसी, अर्थात सेव्हने गाठायचा आकडा, ८ अधिक ३ अधिक ४, म्हणजे १५ होतो. शत्रूचा विझ्डम सेव्ह अधिक २ असेल, तर त्याला वीस बाजूंच्या फाशावर १३ किंवा जास्त हवे, म्हणजे सेव्ह फसण्याची शक्यता ६० टक्के. चार फेऱ्यांच्या लढतीत एकट्या शत्रूच्या चार पाळ्यांपैकी सरासरी २.४ पाळ्या वाया जातात. याच शत्रूवर ‘होल्ड पर्सन’ एकदाच टाकला आणि कॉन्सन्ट्रेशन टिकले असे धरले, तरी चार फेऱ्यांत सरासरी १.३ पाळ्याच जातात. त्या बदल्यात विझर्डला पुढच्या फेऱ्यांत इतर गोष्टी करायला ॲक्शन मोकळी राहते हे मान्य, पण तो स्लॉट मात्र खर्ची पडलेला असतो.

हीच शक्ती सहा दरोडेखोरांच्या टोळीवर वापरा. चार फेऱ्यांत शत्रूपक्षाच्या २४ पाळ्या होतात आणि त्यांतल्या २.४, म्हणजे जेमतेम एक दशांश वाया जातात. तेथे ही शक्ती साधारण आहे, किंबहुना थोडी दुबळीच आहे. म्हणून ‘ही शक्ती जास्त आहे का’ या प्रश्नाला शत्रूंची संख्या सांगितल्याशिवाय उत्तर नाही. पाळी हिरावणाऱ्या कोणत्याही शक्तीचे मोल शत्रू जितके कमी तितके वाढते, आणि मार देणाऱ्या शक्तीच्या बाबतीत, विशेषतः मोठ्या परिघात मार देणाऱ्या शक्तीच्या बाबतीत, नेमके उलट घडते.

आणखी एक परिणाम सहसा नजरेतून सुटतो. जखडलेल्या शत्रूवर वार करताना ॲडव्हांटेज मिळते, म्हणजे दोन फासे टाकून मोठा आकडा घेता येतो, आणि ५ फुटांच्या आतून लागलेला प्रत्येक वार क्रिटिकल ठरतो, म्हणजे माराचे फासे दुप्पट होतात. आपला योद्धा दोन्ही हातांनी पेलायची मोठी तलवार वापरत असेल आणि त्याचा बोनस अधिक ७ असेल, तर १५ आर्मर क्लासच्या (वार लागण्यासाठी गाठायचा आकडा) शत्रूवर दोन वारांमिळून त्याचा सरासरी मार सुमारे १५ येतो. शत्रू जखडला की तोच आकडा ३१च्या पुढे जातो. म्हणजे शत्रू पाळी गमावतो आणि त्याच वेळी दुप्पट मारही खातो. योद्ध्याचा खेळाडू बहुधा खूश असेल, कारण ही शक्ती त्याला मोठे करते. लढत निष्प्राण होण्याचे कारण मात्र या दोन परिणामांचा गुणाकार आहे.

उपाय म्हणून माझी पसंती पाथफाइंडर या अशाच एका खेळाच्या दुसऱ्या आवृत्तीतल्या पद्धतीला आहे. २०१९ साली आलेल्या त्या नियमांत सेव्हचे निकाल चार असतात. डीसीपेक्षा १० किंवा अधिकने वर गेल्यास मोठे यश, १० किंवा अधिकने खाली राहिल्यास मोठे अपयश, आणि मधले दोन साधे निकाल. फाशावर निव्वळ २० किंवा १ पडल्यास निकाल एका पायरीने वर किंवा खाली सरकतो. आपल्या उदाहरणातल्या शत्रूला हे लावले तर मोठे अपयश १५ टक्के, साधे अपयश ४५ टक्के, साधे यश ३५ टक्के आणि मोठे यश ५ टक्के येते. मोठ्या अपयशाला पूर्ण जखडणे, साध्या अपयशाला फक्त पाय खिळणे, म्हणजे वेग शून्य पण हात मोकळे, आणि साध्या यशाला निम्मा वेग अशी वाटणी करावी. मांत्रिकाची पाळी जवळजवळ कधीच पूर्ण वाया जात नाही, हा त्याचा फायदा. आणि सरदाराची तलवार हातात राहते, हा लढतीचा.

पाचव्या आवृत्तीने बलाढ्य शत्रूंना ‘लेजंडरी रेझिस्टन्स’ दिला आहे. फसलेला सेव्ह दिवसातून ठरावीक वेळा, बहुधा ३ वेळा, यशस्वी झाला असे शत्रू जाहीर करू शकतो. मला तो उपाय आवडत नाही. मांत्रिकाच्या सुरुवातीच्या तीन पाळ्या त्यात केवळ ती संख्या संपवण्यात जातात आणि त्या पाळ्यांत लढतीत काहीच बदलत नाही.

देवचाफा:

वीसबाजू यांचे गणित बरोबर आहे, परंतु मूळ प्रश्नातला अधिक गंभीर भाग चोराच्या खेळाडूचा आहे आणि त्याचे उत्तर मार किंवा पाळ्या मोजून मिळणार नाही. मी उरलेल्या दोन शक्तींबद्दल लिहिते.

लढतीबाहेरच्या शक्तीचे मोजमाप माझ्या मते असे असावे: ती शक्ती एखादा अडथळा ओलांडायला मदत करते, की अडथळा अस्तित्वातच नव्हता अशी स्थिती करते? पहिल्या प्रकारात टेबलाभोवतीचा विचार चालू राहतो. दुसऱ्या प्रकारात तो थांबतो, आणि ज्या खेळाडूने आपले पात्रच त्या प्रकारच्या अडथळ्यांसाठी बांधले आहे त्याचे काम संपते. चोराने कुलपे उघडण्याचे कौशल्य घेतले आहे, हत्यारांचा संच जवळ बाळगला आहे, आणि त्या बदल्यात स्पेल सोडले आहेत. ज्याला मांत्रिकाची एक बोनस ॲक्शन पुरते, त्यासाठी तिने पात्राचा मोठा हिस्सा मोजलेला असतो.

पुस्तकातला ‘नॉक’ हा स्पेल या दृष्टीने अभ्यासण्यासारखा आहे. तो दुसऱ्या पातळीचा आहे आणि कुलूप हमखास उघडतो, पण त्या वेळी होणारा ठोक्याचा आवाज ३०० फुटांपर्यंत ऐकू जातो. या एका अटीमुळे विझर्ड कुलूप उघडू शकतो आणि तरीही वाड्यात चोरपावलांनी शिरायचे असेल तेव्हा चोरच लागतो. चांगल्या जादुई शक्तीच्या रचनेत मला असा एक कोपरा हवा असतो, जेथे साधे कौशल्य जादूपेक्षा सरस ठरते.

‘सावलीतून उडी’ घ्या. साधूच्या, म्हणजे मंक क्लासच्या सावलीपंथाला याच स्वरूपाची शक्ती सहाव्या पातळीला मिळते आणि तिचे अंतरही ६० फूटच आहे. मात्र तेथे निघण्याची आणि पोहोचण्याची अशा दोन्ही जागा मंद प्रकाशात किंवा अंधारात असाव्या लागतात, आणि पोहोचण्याची जागा डोळ्यांना दिसावी लागते. आपल्या मसुद्यात ‘दिसणारी जागा’ हे शब्द नाहीत. तेवढ्यामुळे बंद दार, भिंत, तळघर, तिजोरीची खोली या सगळ्यांचा अर्थच नाहीसा झाला आहे. एक पातळी आधी शक्ती मिळाली ही गोष्ट त्यापुढे किरकोळ आहे. दिसण्याची अट घातली की लगेच चोराला काम मिळते, कारण कुणीतरी झरोका उघडला पाहिजे, फळी सरकवली पाहिजे, भुयाराच्या टोकाशी दिवा ठेवला पाहिजे. मग मांत्रिक पलीकडे जाईल, पण वाट चोराने करून दिलेली असेल.

‘सावलीची साक्ष’ ही तिन्हींत सर्वांत मोहक आणि सर्वांत धोकादायक शक्ती आहे. खरे उत्तर देणारी कोणतीही शक्ती शोधकथेचा शेवटचा अध्याय पहिल्याच बैठकीत उघडते. ‘स्पीक विथ डेड’ या तिसऱ्या पातळीच्या स्पेलने हा प्रश्न कसा हाताळला आहे ते पाहा. प्रेताला पाच प्रश्न विचारता येतात, पण त्याला जिवंतपणी जे ठाऊक होते तेवढेच ते सांगते, उत्तरे त्रोटक आणि गूढ असतात, विचारणारा शत्रू वाटला तर खरे बोलण्याचे बंधन नसते, आणि त्याच प्रेताला पुन्हा विचारायचे तर १० दिवस थांबावे लागते. ही बंधने प्रेताच्या स्वभावातून आलेली आहेत, वरून चिकटवलेली नाहीत, आणि म्हणूनच ती खेळाडूला खुपत नाहीत.

सावलीचा स्वभाव काय असेल याचा विचार आपण आणि त्या खेळाडूने एकत्र करावा. माझ्या मनात आलेले मांडते. सावलीला ऐकू येत नाही, म्हणून तिला बोलणे ठाऊक नसते. तिने चेहरा पाहिलेला नसतो, फक्त आकार पाहिलेला असतो: पगडी होती की उघडे डोके, हातात लांब वस्तू होती की आखूड, माणूस एक होता की दोन, कोण कोणाच्या मागे उभा होता. वेळ ती घटकेने सांगत नाही, पण सावल्या पायाशी गोळा झाल्या होत्या असे म्हणाली तर दुपार होती हे खेळाडूंनी ओळखायचे. आणि दिवा विझल्यानंतर खोलीत जे घडले त्याची साक्षच नाही, त्यामुळे हुशार खुनी आधी समई मालवेल. अशी साक्ष मिळाली की चोराचा तपास तेथून सुरू होतो. लांब वस्तू म्हणजे भाला, काठी की सतार, हे तिलाच शोधावे लागेल.

चालू मोहिमेत बदल करण्याविषयी इतकेच सांगेन की नवा मसुदा तयार करून खेळाडूच्या हातात देऊ नये. त्याच्याशी स्वतंत्र बोलावे, तुम्हाला काय दिसते आहे ते स्पष्ट सांगावे आणि बंधने त्यालाच शोधायला सांगावीत. ज्याने सावलीच्या मांत्रिकाची कल्पना केली त्याला सावलीच्या मर्यादाही इतरांपेक्षा जास्त सुचतील. शत्रूंना अभय देण्याचा मार्ग आपण आधीच नाकारला आहे हे योग्यच आहे. त्यात खेळाडूला नियम बदलल्याचे सांगितले जात नाही आणि तरी तो बदललेला असतो, आणि एकदा ते लक्षात आले की डीएमवरचा विश्वास परत मिळवणे फार कठीण जाते.

निळी शाई:

वरच्या दोन्ही प्रतिसादांत किंमत म्हणजे मर्यादा असे गृहीत धरले आहे. किंमत जोखमीच्या रूपातही घेता येते, आणि मला ती अधिक जादूसारखी वाटते.

१९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा डंजन्स अँड ड्रॅगन्सचा मूळ खेळ आला तेव्हापासून त्यात जादूला संख्येची मर्यादा आहे: स्पेल तयार करायचा, वापरायचा आणि तो मनातून पुसला जायचा. २००८च्या चौथ्या आवृत्तीने हीच चौकट योद्ध्यांसह सर्वांना लावली. काही शक्ती केव्हाही, काही लढतीला एकदा, काही दिवसाला एकदा. तोल साधला गेला, पण अनेकांना सगळे क्लास एकाच साच्यातून काढल्यासारखे वाटले. मलाही तसेच वाटले होते.

‘डंजन वर्ल्ड’ या दुसऱ्या खेळात मांत्रिक सहा बाजूंचे दोन फासे टाकून त्यांत आपला गुण मिळवतो. १० किंवा अधिक आल्यास स्पेल सुखरूप होतो. ७ ते ९ आल्यास स्पेल होतो, पण नको त्याचे लक्ष वेधले जाणे, पुढच्या स्पेलवर परिणाम होणे किंवा तो स्पेल तूर्त विसरणे यांतली एक गोष्ट खेळाडूने निवडायची असते. अधिक २चा गुण असलेल्या पात्राला पहिले दोन्ही निकाल प्रत्येकी सुमारे ४२ टक्के वेळा मिळतात आणि उरलेल्या १७ टक्के वेळा डीएमच्या हातात सूत्रे जातात. ‘डंजन क्रॉल क्लासिक्स’ हा खेळ याहून पुढे जातो. तेथे स्पेल फसून उलटू शकतो आणि मांत्रिकाच्या देहावर कायमची विकृती उमटू शकते. सावली खिळवणाऱ्याची स्वतःचीच सावली हळूहळू फाटत जावी, ती त्याच्याआधी हलू लागावी, ही किंमत कोणत्याही स्लॉटपेक्षा लक्षात राहील.

दुसरा मुद्दा असा की शक्ती समान असल्याच पाहिजेत हे गृहीतही तपासावे. १९८७च्या ‘आर्स मॅजिका’ या खेळात जादूगार इतरांपेक्षा उघडपणे बलवान आहेत, तंत्रांच्या ५ आणि विषयांच्या १० शब्दांच्या जोड्यांतून ते जवळपास काहीही घडवू शकतात. तेथे तोल पात्रांमध्ये नसून खेळाडूंमध्ये आहे. प्रत्येकाकडे एक जादूगार आणि एक सोबती असतो, शिपाई-नोकर सर्वांचे सामाईक असतात, आणि या कथेत जादूगार कोणी व्हायचे हे आळीपाळीने ठरते.

देवचाफा:

निळी शाई यांची फाटत जाणाऱ्या सावलीची कल्पना मला अतिशय आवडली आणि ती घ्यावीच. परंतु जोखीम ही एकमेव किंमत ठेवण्याला माझा विरोध आहे, कारण ती किंमत कोण भरतो हे पाहिले पाहिजे. ‘नको त्याचे लक्ष वेधले जाणे’ म्हणजे पहारेकरी येणे, आणि पहारेकरी आले की भुयारात पुढे गेलेला चोर आधी सापडतो. फासा मांत्रिकाने टाकला आणि परिणाम मात्र त्याच खेळाडूने भोगला जिची पाळी आधीच हिरावली गेली आहे. जोखीम ठेवायची तर ती मांत्रिकाच्या अंगावर येणारी असावी.

‘आर्स मॅजिका’ची व्यवस्था सुंदर आहे, पण ती पहिल्या बैठकीपासून सर्वांना ठाऊक असते. एकेका पात्रावर दीर्घकाळ जीव लावलेल्या गटाला मध्येच आळीपाळीने पात्रे बदलायला सांगणे हा वेगळा खेळ सुरू करण्यासारखे होईल.

रानवाट:

सर्वांचे मनःपूर्वक आभार. देवचाफा यांनी सुचवल्याप्रमाणे मी त्या खेळाडूशी बोललो. त्याने सर्वांत महत्त्वाची अट स्वतःहून मांडली: सावली पडायला प्रकाश लागतो, म्हणून ज्या शत्रूवर प्रकाश नाही त्याला खिळवता येणार नाही. आजवर आम्ही अंधार त्याच्या फायद्याचा मानत होतो. आता अंधारात त्याची मुख्य शक्ती निकामी होईल, शत्रू मशाल विझवून स्वतःचा बचाव करू शकेल, आणि पलिता नेमका कोठे धरायचा हे योद्ध्याने आणि चोराने ठरवायचे आहे.

त्यावर बेतलेला मसुदा असा झाला आहे. ‘खिळवणे’साठी शत्रू प्रकाशात हवा, त्याला कॉन्सन्ट्रेशन लागेल, निकाल चार पायऱ्यांचे असतील, मोठ्या अपयशानंतरही शत्रूला आपल्या पाळीच्या अखेरीस नवा सेव्ह मिळेल, आणि ही शक्ती दोन दीर्घ, म्हणजे रात्रभराच्या, विश्रांतींच्या दरम्यान प्रोफिशियन्सी बोनसइतक्या, म्हणजे सध्या ३ वेळा वापरता येईल. शत्रूने मोठे यश मिळवल्यास मांत्रिकाची स्वतःची सावली दीर्घ विश्रांतीपर्यंत फाटलेली राहील आणि तोवर ‘उडी’ मारता येणार नाही. ‘उडी’ला दिसणाऱ्या जागेची आणि दोन्ही टोकांना मंद प्रकाश किंवा अंधार असण्याची अट आहे. ‘साक्ष’ आकारांपुरतीच राहील, आणि एका जागेला एकदाच विचारता येईल.

यात काही निसटले आहे का?

वीसबाजू:

प्रकाशाची अट उत्तम आहे. मशालीचा स्वच्छ प्रकाश २० फूट आणि त्यापुढे आणखी २० फूट मंद प्रकाश असतो, त्यामुळे लढतीच्या नकाशावर प्रत्येकाच्या उभे राहण्याच्या जागेला अर्थ येईल. ‘उडी’ला अंधार लागतो आणि ‘खिळवणे’ला उजेड, हा ताणही मांत्रिकाला प्रत्येक पाळीत विचार करायला लावणारा आहे.

माझी एकच हरकत दीर्घ विश्रांतीच्या हिशेबाला आहे. २०१४च्या डीएम मार्गदर्शिकेत दिवसाला मध्यम किंवा अवघड अशा ६ ते ८ लढती आणि मध्ये साधारण २ लघु, म्हणजे तासाभराच्या, विश्रांती गृहीत धरलेल्या आहेत. दिवसाला मोजून दिलेल्या सगळ्या शक्तींचे मोल या गृहीतावर उभे आहे. घराण्यांच्या कारस्थानांवर चालणाऱ्या मोहिमेत दिवसाला बहुधा एकच लढत होत असणार. तसे असेल तर दिवसाच्या ३ वेळा म्हणजे त्या एका लढतीत ३ वेळा, आणि चार फेऱ्यांच्या लढतीत ही मर्यादा नसल्यासारखीच आहे. त्याऐवजी लघु विश्रांतीगणिक एकदा असे ठेवावे. एकाच लढतीच्या दिवशी शक्ती एकदा वापरता येईल आणि दोन लघु विश्रांती असलेल्या गजबजलेल्या दिवशी ३ वेळा, म्हणजे लढतीमागचे प्रमाण फारसे हलणार नाही. वॉरलॉक या जादूच्या दुसऱ्या क्लासचे स्लॉट पुस्तकाने लघु विश्रांतीला बांधले आहेत, दुसऱ्या ते दहाव्या पातळीपर्यंत ते केवळ दोनच असतात, आणि तरी तो क्लास दुबळा ठरत नाही.

एकदाच वापरता येणारी शक्ती शत्रूच्या साध्या यशाने अगदी वाया गेली असे वाटू नये, म्हणून त्या पायरीवरचा निम्मा वेग एका फेरीऐवजी कॉन्सन्ट्रेशन असेपर्यंत टिकू द्यावा. ‘प्रकाशात’ याचा अर्थही लिहून ठेवावा. मंद प्रकाश पुरतो की नाही, आणि चांदण्यात उभ्या असलेल्या शत्रूचे काय, हे दोन प्रश्न पहिल्याच लढतीत येतील. मी मंद प्रकाशात शत्रूला सेव्हवर ॲडव्हांटेज देईन आणि पौर्णिमेचे चांदणे मंद प्रकाशात धरीन.